गणपती पेठेतल्या सर्व्हरचा बीएमसी : कामाच्या नोंदी

२८ मे

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो. सांगलीत गणपती पेठेत हळद-मसाल्याचे होलसेल व्यापारी आहेत, खाली दुकान, वर ऑफिस, दिवाणजी बसतात त्याच्या मागच्या खोलीत रॅक. त्यात दोन यूचा (रॅकचे दोन कप्पे उंचीचा) एक सर्व्हर, त्याच्यावर बिलिंग, स्टॉक आणि मार्केट यार्डातल्या गोदामाच्या वजनकाट्याचा डेटा, सगळं एकाच मशिनवर. सर्व्हर व्यवस्थित चालतोय, तक्रार त्याची नाहीच. तक्रार त्याच्या बीएमसीची (बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, सर्व्हरला लांबून सांभाळणारी आतली चिप) आहे. कधी सापडतो, कधी सापडत नाही. आठवडाभर वेबपेज छान उघडतं आणि मग एक दिवस पिंगलासुद्धा (नेटवर्कवरनं मारलेल्या हाकेला) उत्तर नाही, परत कधीतरी आपोआप हजर.

पोराला (माझ्यासोबत वालचंद कॉलेजचा शेवटच्या वर्षाचा एक मुलगा येतो) आज समजावलं ते इथं पण टाकतो. बीएमसी म्हणजे त्याच मदरबोर्डवर बसलेला एक वेगळा छोटा कॉम्प्युटर. ह्या बोर्डावर आस्पीडची एएसटी२४०० चिप आहे, आत ४०० मेगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर, स्वतःचं लिनक्स, स्वतःची फ्लॅश, स्वतःचा मॅक (नेटवर्क पोर्टचा कायमचा पत्ता) आणि मागच्या बाजूला स्वतःचं लॅन पोर्ट. तो स्टँडबाय सप्लायवर चालतो, म्हणजे सर्व्हर बंद असला तरी वायर भिंतीत असेपर्यंत हा जागा. मालक परगावी गेला तरी वाड्यात किल्ली घेऊन बसलेला राखणदार असतो ना, तसा. मशिन चालू करणं, बंद करणं, स्क्रीन बघणं, पंख्याचा वेग, तापमान, सगळं ह्याच्याकडून लांबून करता येतं.

आणि घाई का आहे तेही लिहितो. गणपती पेठ आहे ही. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ४० ला इशारा आणि ४५ ला धोका धरतात तिथं. तळमजले गेले, रस्ते गेले, ज्यांची मशिनं वरच्या मजल्यावर सुरक्षित होती त्यांना पण तिथंपर्यंत पोचायची सोय नव्हती. २०२१ ला परत तेच. मी राहतो विश्रामबागला, पेठेत पाणी शिरलं की मला सर्व्हरपर्यंत जायला बीएमसी हाच एक रस्ता उरतो. तो ऐनवेळी गायब होणार असेल तर नसल्यात जमा. कोयनेतनं विसर्ग वाढायच्या आत हे सुटलंच पाहिजे.

२ जून

आज तो गायब अवस्थेत सापडला, त्यामुळे काम करता आलं. चालू असताना जाऊन काय उपयोग.

पोरगं लगेच म्हणालं, "दादा, पॉवर कॉर्ड काढून लावूया की, येतोय." येतो, बरोबर आहे त्याचं, बऱ्याचदा येतो. पण मग काय बिघडलं होतं हे कायमचं पुसलं जातं आणि पुढच्या वेळी आपण परत तिथंच. त्याला म्हटलं रीसेट हे सगळ्यात शेवटी, आधी जे जे बोलतंय त्याला बोलू दे.

बीएमसीकडं जायच्या वाटा दोन, एक बाहेरनं नेटवर्कवरनं आणि एक आतनं, सर्व्हरच्या लिनक्समधनं केसीएस नावाच्या इंटरफेसवरनं. शिवाय बोर्डावरचा हार्टबीट एलईडी. तिन्ही वेगवेगळे तपासायचे, एकाच्या निकालावरनं दुसऱ्याचा अंदाज बांधायचा नाही.

एलईडी : हिरवा, लुकलुकतोय. म्हणजे फर्मवेअर उठलेलं आहे.

आतली वाट : सुरुवातीला आयपीएमआयटूल (बीएमसीशी आयपीएमआय ह्या ठरलेल्या भाषेत बोलणारं टूल) म्हणालं डिव्हाइसच उघडता येत नाही. हे बघून बरेच जण बीएमसी मेला असं ठरवून मोकळे होतात. इथं नुसती कर्नल मॉड्यूल्स लोड नव्हती. मॉडप्रोबनं आयपीएमआय_एसआय आणि आयपीएमआय_डेव्हइंटफ लोड केली, स्लॅश डेव्ह मध्ये आयपीएमआय० आलं आणि लगेच बोलायला लागलं. एमसी इन्फो, फर्मवेअर व्हर्जन सगळं आलं. एमसी सेल्फटेस्ट पास. लॅन प्रिंट १ ला आयपी बरोबर, स्टॅटिक, १९२.१६८.२०.१५, मास्क बरोबर, गेटवे बरोबर, मॅक पण स्टिकरवर आहे तोच.

बाहेरची वाट : काही नाही. पिंग नाही, वेब नाही, यूडीपी ६२३ (आयपीएमआयचा नेटवर्कवरचा पोर्ट) वर उत्तर नाही. त्याच व्हीलॅनमध्ये (नेटवर्क स्विचवर वेगळा काढलेला नेटवर्कचा भाग) लॅपटॉप लावून एआरपिंग (राउटर मध्ये न घेता मारलेली हाक) केलं तरी शांतता, म्हणजे राउटर, फायरवॉल ह्यांचा संबंध नाही. मागचं पोर्ट बघितलं तर लिंकचा दिवा हिरवा! केबल बदलली, काही फरक नाही. शेवटी लॅपटॉप सरळ त्या पोर्टात घातला, मध्ये स्विच नाही काही नाही, तरी एआरपीला उत्तर नाही.

म्हणजे जिवंत आहे, त्याचा पत्ता बरोबर आहे, दारावर दिवा लागलेला आहे आणि दारातनं ओ येत नाही. हे विचित्र आहे पण उपयोगाचं आहे, कारण फर्मवेअर अडकलंय, फ्लॅश गेलीय, आयपी बदललाय हे सगळे संशय एका फटक्यात बाजूला झाले.

निघायच्या आधी एसईएल (त्याची इव्हेंट लॉग) फाइलमध्ये उतरवून घेतली. क्लिअर केली नाही. रीसेट पण केला नाही, तसाच ठेवून आलो.

३ जून

एसईएल घेऊन बसलो रात्री. ५१२ नोंदींची जागा, ९० टक्क्याच्या वर भरलेली, जवळजवळ सगळ्या फॅन२ च्या. लोअर क्रिटिकल गोइंग लो (वेग धोक्याच्या रेषेखाली गेला), मग क्लिअर, मग परत गोइंग लो. त्याचं वेगळं बघू.

पण वेळेच्या कॉलममध्ये गंमत आहे. काही नोंदींना व्यवस्थित तारीख-वेळ आहे आणि काही लांबच्या लांब पट्ट्यांना नुसतं प्री-इनिट आणि पुढं सेकंदाचा आकडा. ह्याचा अर्थ माहीत असणं गरजेचं आहे. आयपीएमआयच्या स्पेसिफिकेशनमध्ये ठरलेलं आहे की कंट्रोलरला खरी वेळ मिळालेली नसेल तर तो आपण उठल्यापासूनचे सेकंद मोजून तेच लॉगमध्ये टाकतो. हा बोर्ड वेळ एनटीपीवरनं (नेटवर्कवरच्या वेळेच्या सर्व्हरकडनं) घेतो. प्रत्येक वेळी उठल्यावर पहिल्या एकदोन नोंदी प्री-इनिट असणं साहजिक आहे, मिनिटाभरात एनटीपी मिळतो आणि पुढं तारखा सुरू होतात. पण इथं काही पट्टे दिवसेंदिवस प्री-इनिटच. म्हणजे त्या त्या वेळी बीएमसी उठला आणि परत बंद होईपर्यंत त्याला एनटीपी कधी भेटलाच नाही. म्हणजे त्या सगळ्या काळात तो नेटवर्कवर नव्हता.

एक जण फोनवर म्हणाला की वेळ जातेय म्हणजे बोर्डावरचा सेल गेलाय, बदलून टाक. सेन्सरमध्ये व्हीबॅट (सेलचं व्होल्टेज) ३.१ व्होल्ट दाखवतोय, सीआर२०३२ चा नवा सेल पण ३ च्या आसपासच असतो. सेल ठीक आहे. उगाच बदलायचा नाही.

आता प्रश्न एवढाच राहिला की कुठल्या वेळी उठल्यावर तो हरवतो आणि कुठल्या वेळी नाही.

५ जून

उत्तर दिवाणजींच्या कपाटात होतं.

जनरेटर गच्चीवर आहे, हाताने चालू करायचा. तो वॉचमन मामा चालू करतात आणि डिझेलचा हिशोब लागतो म्हणून दिवाणजी वही ठेवतात, लाइट किती वाजता गेली, जनरेटर किती वाजता लावला, लाइट किती वाजता आली. निळ्या शाईत, एक ओळ चुकलेली नाही. मी विचारलं "दिवाणजी, ही वही जरा बघू का?" तर म्हणाले, "बघा की, पण जागेवर ठेवा." मागच्या काही महिन्यांची पानं मोबाइलवर फोटो काढून घेतली आणि एसईएलच्या शेजारी ठेवून लावत गेलो. प्री-इनिटच्या पट्ट्यांना तारीख नसते पण त्याच्या आधीची आणि नंतरची नोंद तारखेची असते, मधला काळ त्यावरनं कळतो.

लाइट दिवसा गेली, मामांनी लगेच जनरेटर लावला : काही होत नाही, यूपीएसवर सर्व्हर चालू राहतो, बीएमसीला कळत पण नाही. लाइट रात्री गेली, मामा झोपेत, यूपीएस संपला, मग सगळंच बंद आणि पहाटे लाइट आल्यावर सगळं एकदम चालू : ह्याच्यानंतर प्री-इनिटचा लांब पट्टा. जवळपास दर वेळी. आणि अमावस्येला दुकान बंद असताना नुसता सर्व्हरचा यूपीएस बंद-चालू केलेला एक दिवस वहीत आहे, त्यानंतर मात्र तारखा पुन्हा व्यवस्थित.

म्हणजे नुसती लाइट जाण्याशी संबंध नाही, सर्व्हर आणि स्विच एकाच क्षणी उठण्याशी संबंध आहे. स्विच आधीपासून चालू असेल तर बीएमसी बरोबर येतो.

इथं मला बऱ्यापैकी अंदाज आला पण अंदाजावर भागत नाही. बीएमसी अजून २ तारखेच्या त्याच हरवलेल्या अवस्थेत होता (म्हणूनच रीसेट करू दिला नव्हता). स्विचमध्ये लॉगिन करून मॅक टेबल (कुठला मॅक कुठल्या पोर्टवर बोलतोय त्याची यादी) काढलं. बीएमसीची केबल पोर्ट ११ ला आहे, व्हीलॅन २०. सर्व्हरचा लॅन१ पोर्ट ३ ला आहे, व्हीलॅन १०. बीएमसीचा मॅक ११ वर दिसायला पाहिजे.

दिसला पोर्ट ३ वर.

पोराला दाखवलं, तो दोन मिनिटं स्क्रीनकडं बघत बसला, मग म्हणाला "दुसऱ्याच दारातनं बोलतोय की हा!" तेच.

९ जून

कारण नीट लिहून ठेवतो, कारण हे पुढच्या माणसाला पण लागणार.

ह्या बोर्डावर बीएमसीचं लॅन तीन मोडमध्ये चालतं. डेडिकेटेड म्हणजे फक्त स्वतःचं पोर्ट. शेअर्ड म्हणजे सर्व्हरच्या लॅन१ मधनंच, आतल्या एनसी-एसआय नावाच्या जोडणीवरनं, एकाच केबलवर सर्व्हरचा मॅक आणि बीएमसीचा मॅक दोघं. आणि तिसरा फेलओव्हर, जो फॅक्टरीतनं येतानाच लावलेला असतो. फेलओव्हरमध्ये बीएमसी उठताना बघतो की डेडिकेटेड पोर्टवर लिंक आहे का, असली तर ते घेतो, नसली तर लॅन१ वर जातो. आणि ह्या बोर्डात ही निवड उठतानाच होते, नंतर केबल लावा, काढा, तो तिथंच बसून राहतो.

आता पहाटे लाइट आली की काय होतं बघा. बीएमसीला वीज मिळते, तो उठतो. स्विच पण त्याच सेकंदाला उठायला सुरुवात करतो, पण मॅनेज्ड स्विच आहे तो, त्याची पोर्टं जिवंत व्हायला बराच जास्त वेळ लागतो. बीएमसी बघतो, लिंक नाही, मग लॅन१ धरतो. थोड्या वेळानं स्विच उठतो, डेडिकेटेड पोर्टाचा दिवा पण हिरवा होतो, बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. पण बीएमसी लॅन१ वरनं, म्हणजे व्हीलॅन १० मधनं, २० चा पत्ता घेऊन गेटवेला हाका मारत बसलेला. तिथं त्याला कोण ओळखणार. म्हणून पिंग नाही, म्हणून एनटीपी नाही, म्हणून प्री-इनिट. सगळे धागे एका गाठीत आले.

आणि सर्व्हर स्वतः व्यवस्थित चालू होतो, बिलिंग चालू, त्यामुळे बीएमसी हरवलाय हे कुणाला कळायचं कारणच नाही. ज्या रात्री गरज पडेल त्याच रात्री कळणार.

उपाय : मोड डेडिकेटेड करणे. बोर्डाच्या मॅन्युअलमधल्या रॉ कमांडनं आतल्या वाटेनं केला, आधी वाचला (फेलओव्हरच होता), मग लिहिला, मग परत वाचला. मगच एमसी रीसेट कोल्ड. ह्याने फक्त बीएमसी रीस्टार्ट होतो, सर्व्हर चालूच राहतो, बिलिंग करणाऱ्याला पत्ता पण लागला नाही. दीडदोन मिनिटांनी पोर्ट ११ वर मॅक आला, पिंग आला, वेबपेज आलं, एसईएलमध्ये तारीख आली.

फर्मवेअर अपडेटचा पण विषय निघाला होता. करायचा आहे, पण हे सुटल्यावर, यूपीएसवर भार बघून, आतल्या वाटेनं, आणि सेटिंग कागदावर उतरवून. बिघाड समजायच्या आत फर्मवेअर चढवलं असतं तर बीएमसी एकटाच रीस्टार्ट होऊन (स्विच तर चालूच) बरोबर पोर्टावर आला असता आणि आपण "अपडेटनं सुटलं" असं म्हणून पुढच्या लाइट जाण्याची वाट बघत बसलो असतो.

१४ जून

फॅन२. मामा कधीपासून सांगत होते, "मशिन मधीच लई ओरडायलंय आणि मग गप बसतंय." त्यांचं निरीक्षण एकदम बरोबर आहे. पंख्याचा वेग ठरलेल्या किमान रेषेच्या खाली गेला की बीएमसीला वाटतं पंखा बंद पडतोय, तो जीव वाचवायला सगळे पंखे फुल स्पीडला टाकतो. फुल स्पीडला फॅन२ पण रेषेच्या वर येतो, अलार्म क्लिअर, बीएमसी वेग उतरवतो, फॅन२ परत खाली. हेच चक्र दिवसभर आणि त्याचीच एसईएल भरलेली.

ह्याच्यावर सगळीकडं एकच सल्ला मिळतो, थ्रेशोल्ड (ती किमान रेषा) खाली ओढा, सेन्सर थ्रेश कमांड आहे, तीन आकडे द्या, झालं. कमी आरपीएमचा शांत पंखा मुद्दाम बसवला असेल तर तो सल्ला योग्यच आहे. पण इथं पंखा मूळचाच आहे आणि त्याच्या शेजारचे दोन तेवढ्याच पीडब्ल्यूएमला (वेगाच्या हुकमाला) बरेच जोरात फिरतायत. एकच मागं पडतोय म्हणजे तो आजारी आहे. इथं थ्रेशोल्ड खाली ओढणं म्हणजे तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद करणं. मला ते मान्य नाही.

झाकण उघडलं तर आतनं पिवळं. हळदीची पूड, वर्षानुवर्षांची, पंख्यांच्या पात्यांवर थर, हीटसिंकच्या फटीत थर, खाली पोती उतरवतात त्याची धूळ जिन्यानं वर येते आणि पंखे ती ओढून घेतात. हळदीचा कण बारीक, थोडा तेलकट, पावसाळी हवेत ओल धरतो आणि चिकटून बसतो, नुसत्या फुंकरीनं निघत नाही. मऊ ब्रश आणि ब्लोअर. ब्लोअर मारताना पातं बोटानं धरून ठेवायचं, हवेनं पंखा मोकाट फिरला तर तो उलटा करंट बोर्डात ढकलू शकतो आणि बेअरिंगला पण ते चांगलं नाही. पोराला हे दाखवूनच करायला दिलं.

साफ केल्यावर बाकीचे पंखे सुधारले, फॅन२ नाही. हातानं फिरवला तर खरखर लागते. बेअरिंग गेलंय. ८० मिलिमीटरचा चार पिनी पीडब्ल्यूएम पंखा, तोच करंट रेटिंग बघून, पुण्याहून मागवला. तोपर्यंत थ्रेशोल्डला हात लावलेला नाही, ओरडू दे दोनचार दिवस. रॅकच्या दाराला आतनं फिल्टर जाळी लावायला शेठना सांगितलं, हो म्हणालेत.

१९ जून

पंखा आला, बसवला. एसडीआर मध्ये (सेन्सरच्या यादीत) तिन्ही जवळपास सारखे. जुनी एसईएल फाइलमध्ये ठेवून आता क्लिअर केली.

दुसरी एक छोटी गोष्ट : बीएमसी बरोबर पोर्टावर असतानाही कधीकधी वेबपेज अडकायचं आणि आयपीएमआयटूल म्हणायचं सेशनसाठी रिसोर्स नाहीत. ह्याचा मोडशी संबंध नव्हता. हिशोबाच्या जुन्या पीसीवर पूर्वीच्या कुणीतरी बसवलेली मॉनिटरिंग स्क्रिप्ट होती, दर काही सेकंदाला नवीन सेशन उघडायची आणि बंद न करता निघून जायची. ४०० मेगाहर्ट्झच्या चिपकडं सेशनच्या जागा मोजक्याच. स्क्रिप्ट काढून टाकली, आता माझ्याकडनं दर पाच मिनिटाला एकदा वाचन, सेशन नीट बंद करून.

आणि नवीन लॅपटॉपवरनं आरएमसीपी प्लस (नेटवर्कवरनं आयपीएमआय) सेशन होत नाही अशी एरर येत होती, जुन्या लॅपटॉपवरनं त्याच पासवर्डनं होत होतं. नवीन टूल सायफर सुइट (ओळख पटवणं आणि एन्क्रिप्शनच्या पद्धतींचा संच) १७ मागतं, हा बीएमसी जुना, त्याला ३ समजतो. कमांडमध्ये सी ३ दिलं की चालू. पासवर्डवर शंका घेऊन बदलत बसायचं नाही. (पासवर्डची लांबी मात्र २० अक्षरांच्या आतच ठेवायची, आयपीएमआय २.० मध्ये त्याच्यापुढं जागाच नाही.)

२३ जून

आजचं सगळ्यात महत्त्वाचं आणि ह्याच्यावर मी शेठशी जरा कडक बोललो.

राउटरच्या सेटिंगमध्ये बीएमसीचं वेबपेज आणि यूडीपी ६२३ सरळ बाहेरच्या इंटरनेटवर फॉरवर्ड केलेलं सापडलं. कुणीतरी सोयीसाठी केलेलं. बंद केलं, त्याच मिनिटाला.

शेठ म्हणाले पासवर्ड आहे की. पासवर्ड आहे, पण आयपीएमआय हे १९९८ चं काम आहे, इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी ह्यांनी मिळून केलेलं, २.० आलं २००४ मध्ये. त्या काळात मॅनेजमेंटचं नेटवर्क वेगळं आणि बंदिस्त असणार हे गृहीत होतं. २.० मध्ये लॉगिनच्या हस्तांदोलनात बीएमसी समोरच्याची ओळख पटायच्या आधीच पासवर्डवरनं काढलेला हॅश (गणितानं बनवलेला ठसा) त्याला पाठवून देतो. युजरचं नाव माहीत असेल तर कुणीही तो हॅश घेऊन घरी बसून पासवर्ड शोधू शकतो. डॅन फार्मर ह्यांनी २०१३ मध्ये आयपीएमआयच्या ह्या भगदाडांवर सविस्तर लिहिलं. ही चूक एका कंपनीच्या फर्मवेअरची नाही, स्पेसिफिकेशनमध्येच आहे, त्यामुळे पॅच करून जात नाही. त्याच काळात सायफर झिरोचं प्रकरण पण निघालं, काही बीएमसी सायफर ० मागितलं तर पासवर्ड न तपासताच आत घेत होते. आपल्याकडं तो बंद आहे, लॅन प्रिंटमध्ये तपासला.

आणि बीएमसी हातात गेला म्हणजे काय गेलं? सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे सगळे पासवर्ड एका बाजूला राहिले, हा माणूस लांबून दुसरी इमेज लावून मशिन बूट करू शकतो. दिवाणजींची तिजोरी मजबूत आणि मागच्या भिंतीला दार, असा प्रकार.

आता : व्हीलॅन २० ला बाहेरचा रस्ता नाही, वायरगार्डचं व्हीपीएन राउटरवर, माझा लॅपटॉप आणि माझा मोबाइल एवढेच दोन पीअर. शिवाय एक ४जी राउटर दुसरी लाइन म्हणून, कारण पुरात फायबर कुठल्या खांबावर तुटेल ते सांगता येत नाही. तो आणि स्विच दोन्ही सर्व्हरच्याच यूपीएसवर घेतले. स्विच आतापर्यंत साध्या लाइटच्या बोर्डावर होता, यूपीएसवर नाही.

३० जून

पाऊस लागलाय. नदी अजून पात्रात आहे पण पेठेत लोक मालाची पोती फळीवर चढवायला लागलेत.

पॉवर रिस्टोअर पॉलिसी ठरवायची होती. तीन पर्याय : वीज आल्यावर नेहमी चालू, नेहमी बंद, किंवा आधी होता तसा. पोराचं म्हणणं नेहमी चालू ठेवू, सोयीचं. रोजच्यासाठी सोयीचं आहे, कबूल. पण पुराच्या दिवसांत लाइट येते, पाच मिनिटात जाते, परत येते. आपण शिस्तीत शटडाउन केलेला सर्व्हर प्रत्येक वेळी उठणार आणि डेटाबेस उघडून बसलेला असताना मध्येच पडणार. "आधी होता तसा" ठेवलं. चालू असताना गेली तर परत चालू होईल, आम्ही मुद्दाम बंद केला असेल तर बंदच राहील आणि लाइट टिकतेय असं दिसल्यावर मी बीएमसीवरनं चालू करीन. बीएमसी मात्र वीज आली की दर वेळी उठणारच, त्याला पॉलिसी लागू नाही, त्याच्यासाठीच तर एवढं केलं.

सीरियल ओव्हर लॅन (सर्व्हरची अक्षरांची स्क्रीन नेटवर्कवरनं बघणं) पण लावलं. बायॉसमध्ये कन्सोल रीडायरेक्शन कॉम२ ला, ग्रब (बूटलोडर) आणि कर्नल दोघांना टीटीवायएस१, वेग ११५२००. ग्राफिकवाला कन्सोल ह्या बोर्डात जावाचा आहे, ४जी च्या सिग्नलवर तो रडतो, आणि मोबाइलवर तर नाहीच. सीरियलवर नुसती अक्षरं येतात, बायॉसपासून लॉगिनपर्यंत सगळं दिसतं, मोबाइलच्या टर्मिनलमधनं सुद्धा. मिरजेला एका कामाला गेलो होतो तिथनं, स्टेशनबाहेर उभा राहून, करून बघितलं. चाललं.

५ जुलै

दुकान बंद झाल्यावर खरी परीक्षा. मामांना सांगून ऑफिसचा मेन स्विच पाडला, जनरेटर लावायचा नाही असं ठरलेलं. मी विश्रामबागला घरी, पोरगं रॅकपाशी फोनवर.

यूपीएसवर आल्याचं दिसलं. ४जी वरनं व्हीपीएन लागलं (फायबरचा बॉक्स मुद्दाम बंद ठेवला होता). सीरियलवर लॉगिन करून डेटाबेस बंद केला, शटडाउन दिला, चासिस पॉवर स्टेटस ऑफ आला. मग यूपीएस पूर्ण संपू दिला, बीएमसी, स्विच, राउटर सगळे गेले. थोडा वेळ जाऊ दिला आणि मामांनी मेन वर केला. सगळं एकदम उठलं, तीच पहाटेची परिस्थिती.

आधी राउटर आला, मग स्विच, मग पोर्ट ११ वर मॅक, मग पिंग. सर्व्हर बंदच, पॉलिसीप्रमाणे. एसईएलमध्ये सुरुवातीच्या दोन नोंदी प्री-इनिट आणि तिसरीला आजची तारीख. चासिस पॉवर ऑन दिला, सीरियलवर बायॉस, ग्रब, कर्नल सगळं बघत बसलो, बिलिंग उघडलं. मेन लागोपाठ पाडून-चढवून पण बघितलं, प्रत्येक वेळी बीएमसी ११ वरच.

रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला : बीएमसी डेडिकेटेड मोड, स्विच पोर्ट ११, व्हीलॅन २०, पॉवर पॉलिसी आधीचीच स्थिती, आणि खाली ठळक अक्षरात, बीएमसी सापडला नाही तर आधी स्विचचं मॅक टेबल बघा, एसईएल उतरवून घ्या, मग रीसेट. फॅक्टरी रीसेट केला तर मोड परत फेलओव्हरला जातो हे पण लिहिलंय. पासवर्ड अर्थातच नाही लिहिला, तो शेठच्या तिजोरीत पाकिटात.

शिल्लक : फर्मवेअर अपडेट पाऊस ओसरल्यावर. रॅकची जाळी सुताराकडं आहे. फॅन३ च्या बेअरिंगचा पण थोडा आवाज येतोय, वेग अजून बरोबर आहे, एक जादा पंखा मागवून कपाटात ठेवायला दिवाणजींना सांगितलंय.